तिच्या हातून घडलेले : सदोष नायिकेची भयकथा लिहिताना

भयकथेत बाईची वाण कधीच नव्हती. हडळ, जखीण, लावसट, डाकीण, चेटकीण ही नावे मराठी माणूस न अडखळता सांगतो आणि त्यांतल्या बहुतेकींची कहाणी सारखीच असते: बाळंतपणात गेली, इच्छा अपुरी राहिली, छळाला कंटाळून विहीर जवळ केली, म्हणून आता येणाऱ्याजाणाऱ्याला धरते. हडळीचे एक जुने वर्णन असे की ती समोरून भरल्या अंगाची, हिरव्या लुगड्यातली, केस मोकळे सोडलेली दिसते. पाठ फिरवली की मागे नुसता सांगाडा. छापील भयकथांतल्या कितीतरी स्त्रिया अशाच आहेत. समोरून सौंदर्य, आक्रोश, सूड सगळे भरलेले. मागे पाहावे तर माणूस नाही.

बळी आणि पिशाच्च या दोन्ही खणांत न मावणारी एक तिसरी स्त्री असते. तिच्या हातून काहीतरी घडलेले असते, ते तिला ठाऊक असते आणि ते घडायला नको होते असे तिला दर वेळी वाटतेच असेही नाही. कथेतले भय त्या कृत्यातून निघते. ते कृत्य वगळले तर भूतही उरत नाही, ही या प्रकाराची खूण. भूत खरे की मनातले, हा प्रश्न नंतरचा.

पाश्चात्त्य साहित्यात हा प्रकार हळूहळू आकाराला आला. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) पोटमाळ्यावर कोंडलेली बर्था मेसन हसते, चावते, आग लावते, तिची बाजू मात्र कोणी ऐकत नाही. ती मांडली जायला जीन ऱ्हीसची ‘वाइड सारगासो सी’ (१९६६) यावी लागली. शार्लट पर्किन्स गिलमनच्या ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) या कथेत डॉक्टर नवऱ्याने सक्तीच्या विश्रांतीसाठी ठेवलेल्या बाळंतिणीला भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीमागे एक बाई रांगताना दिसू लागते. गिलमनने स्वतः सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांचा तसलाच उपचार भोगला होता. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये (१८९८) मुलांना भुतांपासून वाचवू पाहणारी गव्हर्नेस लहानग्या माइल्सला कवटाळते आणि तो तिच्या मिठीतच मरतो. त्याला भुताने मारले की मिठीने, यावर समीक्षकांचे अजून एकमत नाही.

डाफ्ने ड्यू मॉरिएची ‘रिबेका’ (१९३८) इथे थोडी थांबून वाचण्यासारखी आहे. तिच्या नायिकेला नावच नाही. आपल्या नवऱ्याने पहिल्या बायकोला गोळी घालून मारले हे कळल्यावर ती किंचाळत नाही, पोलिसांचा विचार करत नाही. त्याचे रिबेकावर कधी प्रेमच नव्हते, एवढेच तिच्या कानांत शिरते आणि तिचा जीव भांड्यात पडतो. हिचकॉकने १९४० साली चित्रपट केला तेव्हा हॉलीवूडच्या त्या वेळच्या नियमावलीमुळे खुनाचा अपघात करावा लागला. मग नायिकेचे ते सुखावणेही निष्पाप झाले आणि कादंबरीतला गारठा गेला. एका पात्राचा दोष काढून घेतल्यावर कथेचे काय होते, हे पाहायचे असेल तर ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी ठेवावीत.

मराठीत भयकथेची वाट नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी रुंद केली. धारपांच्या जगात दुष्ट शक्ती बहुधा बाहेरून येते आणि तिला अडवायला त्यांच्याच कथांतल्या समर्थांसारखा कोणी उभा राहतो. मतकरींची कथा मध्यमवर्गीय माणसाच्या मनात अधिक रमते. सदोष नायिका लिहू पाहणाऱ्याला म्हणून मतकरींचा शेजार जास्त उपयोगी.

दोष कशाला म्हणायचे

नवोदितांच्या कथांत दोष म्हणून जे येते ते बहुतेक वेळा दोष नसतेच. नायिका घटस्फोटित आहे, गोळीशिवाय तिला झोप लागत नाही, लहानपणी कोणीतरी तिच्यावर अत्याचार केला, ती सिगारेट ओढते. यातल्या पहिल्या तीन गोष्टी परिस्थिती किंवा जखमा आहेत आणि चौथी नुसती सवय. जखमेतून सहानुभूती निर्माण होते, ती हवीही असते. पण जखम म्हणजे दुसऱ्याने केलेली गोष्ट. जपानी रंगभूमीवरच्या ‘योत्सुया कैदान’ (१८२५) नाटकातली ओइवा विषाने विद्रूप होऊन मरते आणि दगाबाज नवऱ्याचा पिच्छा पुरवते. अन्विता दत्त यांच्या ‘बुलबुल’ (२०२०) या हिंदी चित्रपटातली उलट्या पायांची बाईही अन्यायातूनच घडते. तिथे प्रेक्षक शंभर टक्के तिच्या बाजूचा असतो आणि सूड पाहून त्याला बरे वाटते. त्या कथांचे बळ निराळे. सदोष नायिकेच्या कथेत वाचकाला कोणाच्याच बाजूने निवांत बसता येत नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहून पाहावे: तिने अमुक केले. त्यातले क्रियापद करण्याचे असावे, सोसण्याचे नसावे. ‘तिच्यावर वेळ आली’, ‘तिला भोगावे लागले’ अशी वाक्ये या जागी चालत नाहीत. हे वाक्य जमत नसेल तर हाताशी वातावरण आहे, कथा नाही.

अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन (१९१६–१९६५) या बाबतीत सगळ्यांत चांगली शिक्षिका. तिच्या ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) या कादंबरीतली एलेनॉर व्हान्स ३२ वर्षांची आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईची तिने ११ वर्षे सेवा केली. काही हवे असले की आई भिंतीवर ठोठावायची. ज्या रात्री आई गेली, त्या रात्रीही तिने ठोठावले होते आणि एलेनॉर उठली नव्हती. आपण खरोखर झोपेत होतो, की जाग येऊन, ऐकून पुन्हा कूस बदलली, हे तिला स्वतःलाही ठरवता येत नाही. ही कबुली जॅक्सन फार उशिरा देते. तिच्या बऱ्याच आधी, हिल हाउसमधल्या भयाच्या पहिल्या रात्री, वऱ्हांड्यातून ठोठावण्याचा आवाज येऊ लागतो आणि अर्धवट झोपेतली एलेनॉर आईलाच ओ देत उठते. वाचक तेव्हा ते वाक्य वाचून पुढे जातो. कबुली वाचल्यावर त्याला मागे यावे लागते: तिला उठवणारा नेमका तोच आवाज या घराला कोणी सांगितला? रक्त नाही, कवटी नाही, उलटे पाय नाहीत. आईचा आवाज तोच घराचा आवाज, एवढ्यावर सगळी कादंबरी उभी आहे.

त्यातच आणखी एक बारकावा आहे. एलेनॉर हिल हाउसला येते ती बहिणीला न सांगता मोटार काढून. मोटार दोघींच्या मालकीची, अर्धे पैसे हिचे. तरी नेऊ नकोस असे बजावलेले. त्या प्रवासात ती कमालीची खुशीत असते आणि वाटेतल्या घराघरांत स्वतःला राहताना पाहते. पश्चात्तापाने खंगलेली बाई उभी करणे सोपे. जॅक्सनने हावरी बाई उभी केली, जिला उशिरा का होईना स्वतःचे काहीतरी हवे आहे. हिल हाउस तिला नेमके तेच देऊ करते.

तिच्याच ‘वी हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल’मधली (१९६२) मेरिकॅट ब्लॅकवूड तर पुढे जाते. साखरेच्या भांड्यात आर्सेनिक मिसळले तेव्हा ती १२ वर्षांची होती; आई, वडील, भाऊ, काकू एका जेवणात गेले आणि काका अपंग होऊन वाचले. थोरली बहीण कॉन्स्टन्स साखर खात नसे. कथा सहा वर्षांनंतर सुरू होते आणि मेरिकॅटच ती सांगते. बहिणीवरच्या तिच्या मायेत वाचक इतका गुंततो, की खुनी कोण हे उघड होईतो त्याची गत कॉन्स्टन्ससारखी झालेली असते. कॉन्स्टन्सने पोलीस यायच्या आत साखरेचे भांडे धुऊन ठेवले होते.

मोठा गुन्हा पेलायला मोठा इतिहास लागतो, हेही लक्षात ठेवावे. टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’मध्ये (१९८७) सेथ स्वतःच्या तान्ह्या मुलीचा गळा चिरते, कारण गुलामांचा मालक दारात येऊन ठेपला आहे. त्यामागे मार्गारेट गार्नर या स्त्रीची १८५६ सालची खरी घटना आहे: केंटकीतून ओहायोत पळून आलेल्या या आईने पकडले जाताना हेच केले होते. मॉरिसन सेथला माफ करत नाही आणि तिच्यावर खटलाही चालवत नाही. ती मुलीला परत घरी आणते आणि जेवायला बसवते. पहिल्याच कथेत कोणी बालहत्येला हात घालू नये. ती पेलली नाही तर भीतीऐवजी किळस उरते.

एक बीज वाढवून पाहताना

दोष लहान, घरगुती आणि हाताने केलेला असला की तो जास्त टिकतो. मराठी घरांत असा कच्चा माल मुबलक आहे. उशाशी ठेवलेली घंटी न ऐकल्यासारखे करणे. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना ‘अगं, नुसता कागद आहे’ म्हणणे. पुतणीला आलेल्या चांगल्या स्थळाच्या कानावर काहीतरी घालणे. अट एवढीच की त्या कृत्यामागे तिचे काही खरे कारण असावे आणि त्यातून तिला काही खरा लाभ झालेला असावा. नुसते कारण असेल तर ती बिचारी होते, नुसता लाभ असेल तर खलनायिका.

उदाहरणादाखल एक बीज घेऊ या. थोरली बहीण, पन्नाशीची, लग्न न झालेली. सगळे तिला आक्का म्हणतात. पक्षाघाताने पडलेल्या आईचे हगणेमुतणे तिने नऊ वर्षे काढले. भाऊ दिवाळीला मिठाईचा पुडा आणि साडी घेऊन येतात, आईच्या पायांना हात लावून परततात. एका दुपारी आई शुद्धीवर नसताना आक्का तिचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबते आणि घर स्वतःच्या नावे करणाऱ्या कागदावर उमटवते. मग खोबरेल घेऊन तो पुसत बसते. दोन दिवसांनी आई जाते. तिरडीवर ठेवताना अंगठ्याची कड निळीच असते. भाऊ विचारतात, आक्का सांगते, सलाईनची सुई होती.

इथे पांढऱ्या लुगड्यातली आई जिन्यात उभी करण्याची गरज नाही. आधी दुधाच्या सायीवर एक ठसा दिसतो. कोणीतरी बोट घातले असेल. मग लाटलेल्या पोळीवर दिसतो, रेघांसकट. तो आपल्याच हाताचा, असे आक्का धरून चालते. मग सुट्टीला आलेल्या भाचीच्या गालावर, झोपेत. भाचीला हे कळू न देता आक्का तो खोबरेलानेच पुसते आणि या पुसण्यात भुतापेक्षा जास्त भीती आहे, कारण हाताला ते काम ठाऊक आहे. पुढे रेशनच्या दुकानात यंत्र तिचा अंगठा घेत नाही. दुकानदार म्हणतो, “आक्का, हात कोरडा करून लावा.” दोनदा नाही, तिसऱ्यांदा यंत्र वाजते आणि पडद्यावर आईचे नाव येते.

या बांधणीत तीन-चार गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. भुताची खूण कृत्याच्या खुणेतूनच घेतली. ती ओट्यापासून भाचीच्या गालापर्यंत आणि तिथून चारचौघांत नेली, म्हणजे प्रत्येक पायरीला आक्काला लपवायचे जास्त आणि लपवायला जागा कमी. भाऊ स्वार्थी आहेत पण राक्षस नाहीत. त्यांना राक्षस केले असते तर आक्काचा अंगठा न्याय्य ठरला असता आणि कथा तिथेच मेली असती. आणि आक्काने ते घर उपभोगलेले हवे. जुना कडप्प्याचा ओटा काढून तिने ग्रॅनाइटचा बसवला असावा, त्यावर हात फिरवताना तिला आनंद होत असावा. पोळीवर पहिला ठसा उमटतो तो त्या ओट्यावर.

सांगणारी कोण

अशा कथेत निवेदन तिचे स्वतःचे असावे की तिच्या खांद्यामागून पाहणाऱ्या तृतीयपुरुषाचे, याला एकच उत्तर नाही. मेरिकॅट स्वतः बोलते. एलेनॉरची कथा तृतीयपुरुषी असूनही वाचक तिच्या डोक्याबाहेर क्वचितच पडतो. पण मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती एक खास अवजार आहे, त्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. जबाबदारी झटकायला आपल्या भाषेने भरपूर सोय करून ठेवली आहे. दूध उतू जाते. कप हातून निसटतो. शब्द तोंडून निघून जातो. औषध द्यायचे राहून जाते. या सगळ्या वाक्यांत काम घडते, करणारी मात्र कुठेच नसते. रोजच्या बोलण्यात याचे कोणाला काही वाटत नाही आणि म्हणूनच अविश्वसनीय निवेदिकेसाठी याहून चांगली लपायची जागा नाही.

‘रात्रीची गोळी द्यायची राहून गेली.’ पहिल्या पानावर हे वाक्य येऊ द्यावे. मध्यावर कधीतरी ते ‘रात्रीची गोळी मी दिली नाही’ असे बदलावे. शेवटाकडे ‘रात्रीची गोळी मी देणार नव्हतेच’. गोळी तीच, रात्र तीच. कथानकात नवे काही घडलेले नसतानाही वाचकाच्या पाठीतून शिरशिरी जाते, कारण आता वाक्यात माणूस आला.

दुसरी सोय लिंगाची. मराठीत ‘मी गेले’ म्हणताच बाई कळते. पण ‘मी दार उघडले’, ‘मी गोळी दिली’, ‘मी कागद जाळला’ यांतले क्रियापद कर्माकडे पाहते, बोलणाऱ्याकडे नाही. बोलणारी कोण हे काही परिच्छेद झाकून ठेवायचे असेल, उदाहरणार्थ एकाच घरातल्या सासरा आणि सून यांपैकी कोणाचा आवाज चालू आहे, तर अशा वाक्यांवर बराच वेळ निभावता येते. ही चलाखी मात्र एका कथेत एकदाच करावी.

निवेदिकेने लपवावे, पण घडलेले सपशेल खोटे सांगू नये. मेरिकॅट ‘मी विष घातले नाही’ असे कुठेही म्हणत नाही; ती तो विषयच आपल्या पद्धतीने टाळते. कथा दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला सगळे पुरावे जागच्या जागी सापडले पाहिजेत. शेवटच्या पानावर मानसोपचारतज्ज्ञ येऊन तिच्या आजाराचे नाव सांगतो, तो प्रकार तर पूर्ण टाळावा. त्याने भूतही जाते आणि बाईही जाते.

घर आणि घरातली माणसे

वाडा, माजघर, अंधारी बाळंतिणीची खोली यांनी मराठी भयकथेला पुष्कळ दिले. पण वाचकांतल्या कितीतरींनी माजघर पाहिलेलेही नसते. सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भीतीच्या जागा वेगळ्या असतात: न्हाणीघराच्या खिडकीबाहेरची डक्ट, जिथून खालच्या मजल्यावरचे बोलणे ऐकू येते, दाराचे भिंग, कोणी न बोलावता येऊन उभी राहिलेली लिफ्ट. जागा निवडताना एक निकष पुरतो. ती बाई तिथे काय काम करते? बाईच्या वाट्याचे घर म्हणजे कामाची जागा आणि काम मध्येच सोडून पळता येत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायला जो वेळ लागतो, तेवढ्यात एक चांगला भीतिप्रसंग बसतो, कारण गॅस बंद केल्याशिवाय ती ओट्यापासून हलणार नाही हे वाचकाला ठाऊक असते.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) या मराठी चित्रपटाने उसाचा फड असाच वापरला आहे: माणसाहून उंच, सगळीकडून सारखा, वाट न देणारा. शहरातून आलेल्या गरोदर नेहाची (पूजा सावंत) तिथे शुश्रूषा करते ती तुळसाबाई (उषा नाईक). चित्रपट स्त्री-भ्रूणहत्येवर आहे आणि हिंदीत त्याचा ‘छोरी’ (२०२१) झाला. कथा नेहाची असली तरी लेखनाच्या दृष्टीने अभ्यास करावा तो तुळसाबाईचा. पोटुशीला प्रेमाने भरवणारा हात आणि मुलगी नको असणारा हात एकाच बाईचा आहे आणि दोन्ही वेळा तो खरा वाटतो. हीच गोष्ट मध्यभागी तुळसाबाईला ठेवून सांगितली असती तर ती आणखी काळी झाली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

नायिकेभोवतीच्या स्त्रियांना नुसत्या साक्षीदार म्हणून उभे करू नये. अर्जेंटिनाच्या सामांता श्वेब्लिन यांच्या कादंबरीच्या (२०१४) मूळ स्पॅनिश नावाचा अर्थ ‘वाचवण्याचे अंतर’ असा आहे: धोका आला तर आपल्याला मुलीपर्यंत पोचायला किती वेळ लागेल, याचा आई सतत मांडत असलेला हिशोब. तिच्यासमोर बसलेली कार्ला ही दुसरी आई. विषबाधा झालेला मुलगा वाचावा म्हणून तिने त्याच्यावर एक विचित्र उपचार करवून घेतला आणि आता ती त्याच मुलाला घाबरते. दोन आयांपैकी चांगली कोण, याचा निवाडा शेवटपर्यंत होत नाही.

दुष्ट वाटणाऱ्या बाईलाही स्वतःची एक सोवळ्याची रेघ असावी. स्टीफन किंगच्या ‘मिझरी’मधली (१९८७) नर्स ॲनी विल्क्स आपल्या आवडत्या लेखकाला कोंडून कुऱ्हाडीने त्याचे पाऊल तोडते, पण त्याच्या हस्तलिखितातल्या शिव्या वाचून ती खरोखर दुखावते. ही रेघ नसती तर ॲनी नुसती वेडी ठरली असती.

आणि हाक. मराठी बाईला नावे पुष्कळ असतात. माहेरचे एक, ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून सासरी बदललेले दुसरे, धाकट्या जावेने म्हटलेले ‘ताई’, नणंदेने म्हटलेले ‘वहिनी’, मुलांचे ‘आई’. भूत यांपैकी कोणत्या नावाने हाक मारते, हे आधी ठरवावे. चाळीस वर्षांत कोणी न उच्चारलेले माहेरचे नाव जिन्यातून ऐकू आले, तर वेगळा आवाज, थंड वारा, दिवे जाणे यांची गरजच पडत नाही.

सांभाळायच्या गोष्टी

‘चेटकीण’ हा शब्द महाराष्ट्रात अजून नुसता गोष्टीतला नाही. सातपुड्याच्या भागात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडलेल्या आहेत आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या ऑगस्ट २०१३ मधल्या हत्येनंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते असे जाहीर करून तिला त्रास देणे हा त्याखाली गुन्हा आहे. हा कायदा कथा लिहिण्याच्या आड येत नाही. पण ज्या बाईला गाव डाकीण म्हणते ती शेवटी खरोखरच डाकीण निघते, अशी कलाटणी लिहिणाऱ्याने आपण कोणाच्या हाती दगड देतो आहोत ते पाहावे. त्याच मुद्द्याची जास्त भयंकर कथा दुसऱ्या बाजूला आहे: पहिल्यांदा बोट दाखवणारी बाई, तिने ते का दाखवले आणि नंतर तिच्या गोठ्यात काय होऊ लागले.

आजाराचेही तसेच. बाळंतपणानंतरचे मानसिक आजार, अपस्मार, छिन्नमनस्कता या वैद्यकीय गोष्टी आहेत. त्यांची लक्षणे भुताच्या लक्षणांसारखी रंगवणे आळशीपणाचे लक्षण आहे. आजारी पात्र असू शकते, पण तिचा दोष तिचा आजार नसावा. अंगात येण्याचा प्रसंग लिहायचा तर तो एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेला असावा. त्यात घरच्या माणसांचे चेहरे बाईच्या चेहऱ्यापेक्षा जास्त सांगून जातात. एरवी जिचे कोणी ऐकत नाही तिच्या पायाशी सगळे घर बसलेले असते, हे तिलाही आतून कुठेतरी कळत असेल काय? इथून एक गोष्ट सुरू होऊ शकते.

शेवट आणि मसुदा

शेवटी भूत उताऱ्याने जाते किंवा बाई मरून हिशोब चुकता होतो, हे दोन्ही शेवट वाचकाला सुटल्यासारखे वाटायला लावतात आणि म्हणून या प्रकारात ते बहुधा फसतात. ‘द बाबाडूक’ (२०१४) या ऑस्ट्रेलियन चित्रपटात विधवा अमीलिया मनातून आपल्याच मुलाचा राग करते. प्रसूतीसाठी तिला दवाखान्यात नेताना नवरा अपघातात गेला होता. त्या रागातून आलेला राक्षस शेवटी मरत नाही. तो तळघरात राहतो आणि अमीलिया त्याला वाडग्यातून गांडुळे नेऊन घालते. जॅक्सनच्या दोघी बहिणी जळक्या घराच्या उरलेल्या स्वयंपाकघरात राहू लागतात आणि त्यांचे घर फोडणारे गावकरी रात्री दारात जेवणाच्या टोपल्या ठेवून जातात. मेरिकॅट सुखात आहे. वाचक मात्र नाही.

वाचनाला सुरुवात ‘द यलो वॉलपेपर’पासून करावी, तासाभरात संपते. मग मेरिकॅट, मग एलेनॉर आणि सेथ सगळ्यांत शेवटी. हे वाचन चालू असतानाच स्वतःची दहा-बारा पानांची कथा लिहायला घ्यावी. मसुदा पुरा झाला की तो आठवडाभर बाजूला ठेवावा, मग मोठ्याने वाचावा आणि जिथे जिथे राहून गेलं, होऊन गेलं, निसटलं, लक्षात आलं नाही असे शब्द येतील तिथे पेन्सिलने रेघ ओढावी. त्यांतले निदान एक वाक्य कथा संपण्यापूर्वी ‘मी’पासून सुरू झालेले असले पाहिजे. तसे एकही सापडले नाही, तर कथा कोणाला दाखवायला देऊ नये. पुन्हा लिहायला घ्यावी.